सहा सीखांचा रविवार

तुम्ही गेलात तेव्हा मी तेराचा पाढा म्हणून घेत होते. तेर साती एक्क्याण्णव. पोरं कोकलत होती, मी फळ्याला टेकून उभी होते आणि दारात शाळेचा शिपाई येऊन थांबला. टोपी काढून त्यानं हातात धरली होती. तो म्हणाला, "बाई, घरी जा. तुमच्या गल्लीतला माणूस आला हाये." मी त्याला म्हटलं, "थांब, पाढा संपू दे." खरंच असं म्हटलं हो मी. तेर दाहे तीसाशे होईपर्यंत थांबले. मग खडू ठेवला, हात झटकले, पदर नीट केला.

तेवढ्या वेळात तुम्ही होतात की नव्हतात, हे आता मला कोणीच सांगू शकत नाही.

आज नववा दिवस. माणसं येतात, बसतात, विचारतात, "आजारी होते का?" मी म्हणते, "नाही. रविवारी तर त्यांनी चिकन केलं होतं." ती माझ्याकडे बघत राहतात. त्यांना वाटतं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.  रविवारी जो माणूस अंगणात सिगडी फुंकत होता, लेकीला सीखा भाजायला शिकवत होता, तो मंगळवारी कसा नसेल? संध्या म्हणते, "आई, तेच तेच नको सांगू." मी तरी सांगते. मला अजून ते नीट ऐकू आलेलं नाही.

तुमच्याबद्दल चार शब्द कोणी बोला म्हटलं तर लोक काय बोलतील ते मला माहीत आहे. दौलतभाऊ सिव्हिल लाइन्समधल्या क्लबात भांडी घासायला लागले आणि सीखांच्या, म्हणजे सळईवर बोट्या भाजायच्या, भट्टीवरचे मुख्य स्वयंपाकी म्हणून रिटायर झाले. खरं आहे. पण ते तुमचं क्लबातलं झालं. मला तुमच्याशी घरातलं बोलायचं आहे.

घरात तुम्ही झाकणसुद्धा उचलत नव्हतात. चून-भाकर वाढली तर चून-भाकर, वरण-भात तर वरण-भात. तुमच्या शर्टाला कोळशाचा, लोण्याचा आणि भाजल्या लसणाचा वास यायचा. तो जावा म्हणून मी तुमचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. संध्या लहानपणी तुमची बाही नाकाशी धरून विचारायची, "बाबा, आज काय केलं?" तुम्ही म्हणायचात, "पाणी उकळलं."

क्लबातली भट्टी तुमच्या हाती आली तेव्हा संध्या आठ वर्षांची होती. तुम्ही केवढे खूश होतात! चीजचा सॉस तुम्ही तिथल्या जुन्या खानसाम्याकडून शिकला होता आणि त्यात लसूण तुमच्या हिशेबानं घातला होता. साहेब लोक पुन्हा पुन्हा मागवतात, असं सांगत घरात येरझारा घालत होतात. मला म्हणालात, "येत्या रविवारी घरी करतो. तुमी दोघीबी पाहा तरी." आणि रविवार आला तर तुम्ही गप्प. मी विचारलं, तर म्हणालात, "तिथलं तिथं."

बस. त्यानंतर बारा वर्षं हेच उत्तर. संध्याचा वाढदिवस असो, भावाकडचे पाहुणे असोत, तिथलं तिथं. ती मॅट्रिक पास झाली तेव्हा तिनं तोंडानं मागितलं होतं, "बाबा, तुमच्या हातच्या सीखा." तुम्ही पावभर जिलबी घेऊन आलात. त्या दिवशी मी सोडलं नाही तुम्हाला. म्हटलं, "साऱ्या नागपुरानं तुमच्या हातचं खाल्लं, आमीच काहून नाही? का साहेबाच्याच ताटात वाढायची सवय लागली हाताले?" तुम्ही चपला घातल्यात आणि पायी पार जरीपटका वस्तीपर्यंत जाऊन परत आलात. मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी तुम्हीच म्हणालात, "मास्तरीण, पगार झाला का वं?" आणि भांडण तिथंच पडून राहिलं. मिटलं नाही. आपण त्याच्या बाजूनं जात-येत राहिलो.

आणि हेच तुम्ही मला शिकवणारे. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आले तेव्हा मी सातवी होते, तुम्ही चौथी. "तू पुढं शिक," म्हणालात. मी हसले होते. दुपारची पंगत उरकली की संध्याकाळच्या ड्युटीआधी तुम्हाला तीन तास मिळायचे. बाकीचे क्लबाच्या मागं झाडाखाली झोपायचे, तुम्ही सायकल मारत इंदोऱ्याला आपल्या घरी यायचात, तान्ह्या संध्याला मांडीवर घेऊन बसायचात आणि मी शिकवणीला जायची. मॅट्रिक झाले, ट्रेनिंग झालं, कॉर्पोरेशनच्या शाळेत लागले. आपल्या गल्लीतली पहिली मास्तरीण. ऑर्डर आली त्या दिवशी तुम्ही गल्लीच्या तोंडापासून हाक मारत आलात, "अवं मास्तरीण!" तेव्हापासून माझं नावच तुम्ही टाकून दिलंत.

रिटायर झालात त्या शुक्रवारी क्लबानं तुम्हाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ तुम्ही खोक्यातून काढलंही नाही. पण वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा जुन्या सीखा मात्र तुम्ही मॅनेजरकडून मागून आणल्या होत्या. मी म्हटलं, "आता भंगार आणता का घरी?" तुम्ही म्हणालात, "पुढच्या रविवारी सांगतो."

त्या रविवारी थंडी होती, ऊन छान पडलं होतं. तुम्ही सकाळीच मंगळवारी नावाच्या बाजारातून चिकन आणलंत, समोर उभं राहून हाडं काढून घेतली होती. सदर बाजारातून चीजचा डबा आणला. आपल्या घरात डबा उघडायला काहीच नव्हतं, मग सायकलच्या पान्यानं आणि बत्त्यानं तुम्ही त्याच्याशी अर्धा तास झटापट केलीत. संध्या हसून हसून लोळली.

"हास, हास पोट्टे," तुम्ही म्हणालात. "क्लबात यासाठी वेगळं हत्यार राहते."

दही रात्रीच फडक्यात टांगून ठेवलं होतं. त्यात आलं-लसूण, लिंबू, मिरे, हिरवी मिरची. मी विचारलं, "लाल तिखट?" तुम्ही म्हणालात, "नाही. सावजीचं तिखट खाऊन खाऊन आपली जीभ बहिरी झाली. आज तिले ऐकू येऊ दे." बोट्या त्यात मुरू दिल्या, मग सीखेला ओवल्या, मध्ये कांद्याची पाकळी, मध्ये शिमला मिरचीचा तुकडा. दोन बोट्यांत जरा जागा. "चिकटून बसवलं की बाजू कच्ची राहते," संध्याला सांगत होतात. कोळसा लाल होऊन त्यावर राखेचा पापुद्रा येईपर्यंत तुम्ही तिला सीख ठेवू दिली नाही. कांद्याच्या पातीची जुडी बांधून ती लोण्यात बुडवून बोट्यांवर फिरवत होतात. लोण्याचा थेंब कोळशावर पडला की धूर उठायचा आणि तुम्ही डोळे मिटून तो घ्यायचात. इतक्या वर्षांत मी तुम्हाला काम करताना पहिल्यांदा बघत होते. तुमचे हात किती हलके होते! घरात तुमच्या हातून पेला निसटायचा हो. तिथं मात्र काही सांडलं नाही, काही शोधावं लागलं नाही.

सॉसला तुम्ही मला जवळ बोलावलंत. "मास्तरीण, इकडं बस. हे तू शिक."

लोण्यात लसूण मंद आचेवर ठेवला. किती वेळ! मी म्हटलं, "लाल होऊ द्या की जरा." तुम्ही म्हणालात, "लसणाले राग नाही येऊ द्यायचा. लाल झाला की कडू बोलते." मऊ पडल्यावर डावेच्या पाठीनं तिथंच रगडला, चिमूटभर मैदा परतला, थंड दूध थोडं थोडं घालत घोटत राहिलात. मग भांडं खाली उतरवलं आणि तेव्हा किसलेलं चीज घातलं. "आचेवर टाकलं तर फाटते. खाली उतरवून, ढवळत, लाडीगोडीनं." वरून मिरे. डावेतून सॉस रेशमासारखा खाली आला.

मग आम्हाला दोघींना चटईवर बसवलंत आणि तुम्ही उभेच राहिलात. डावा हात पाठीमागं, उजव्या हातानं सीख ताटात उतरवून दिलीत, बाजूला सॉसचा वाडगा ठेवलात. "बसा ना तुमी," मी म्हटलं. "पयले तुमी लोकं खा," म्हणालात.

संध्यानं पहिला घास घेतला आणि ओरडली, "बाबा! बम मस्त झालं!"

तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाहीत. माझ्याकडे बघत होतात.

माझ्या तोंडात घास होता. आधी धूर लागला, मग लिंबू, मग आतून मऊ रस. आणि वर तो सॉस. लसूण असून झोंबत नव्हता, गोडसर झाला होता, चीजचं मीठ त्याच्या मागून हळूच येत होतं. असं काही मी जन्मात खाल्लं नव्हतं. आणि हो, मला राग आला. आनंद व्हायचा तर राग आला. हे एवढं तुमच्या हातात होतं आणि बारा वर्षं तुम्ही मला जिलबी आणून दिलीत.

मी म्हटलं, "एवढंच?"

संध्या म्हणाली, "आई!"

"एवढ्यासाठी इतकी वर्षं लपवून ठेवलं होतं का?" मी म्हटलं.

तुम्ही हसलात. वाईट वाटल्यासारखं दाखवलंसुद्धा नाहीत. म्हणालात, "मिरे कमी पडले असन. डब्यातलं चीजबी जुनं वाटून राहिलं मले. पुढच्या रविवारी बरोबर करतो."

दोन सीखा संध्यानं खाल्ल्या, दोन मी. तुम्ही एक घेतलीत. तुम्ही "अजून घे" म्हणालात तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला. "पुरे." सहावी संध्या शेजारच्या काकूंना देऊन आली.

सोमवार कसा गेला ते मला आठवत नाही. हे मला सगळ्यात जास्त छळतं. तुमच्या आयुष्यातला शेवटचा पूर्ण दिवस आणि मला तो आठवत नाही. वह्या तपासल्या असतील. बटाट्याची भाजी केली असेल.

मंगळवारी मला उशीर झाला होता. तुम्ही अंगणात पाटावर बसून राखेनं सीखा घासत होतात. मी चपला घालत होते तर म्हणालात, "अवं, येत्या रविवारी तुह्या शाळेतल्या बायायले बोलावतं का? चार-पाच जणी असन. मी करीन सगळं."

मी म्हटलं, "बघू. मले उशीर होऊन राहिला."

"बरं, जाय मंग."

एवढंच बोलणं. मी मागं वळून पाहिलं नाही, कशाला पाहीन? संध्याकाळी घरीच यायचं होतं.

घरी पोचले तर तुम्हाला खाटेवर ठेवलं होतं. गल्लीतला डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं, मिनिटाभरात झालं, त्रास झाला नसेल. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून सीख खाली पडल्याचा आवाज ऐकला होता. तुमच्या हातांना राख लागलेली. मी पाणी घेऊन हात धुतले तुमचे, पण नखांतली निघाली नाही. ती तशीच गेली तुमच्याबरोबर.

त्यानंतरच्या रविवारी मोतीराम आला. तुमच्याबरोबर क्लबात ताटं वाढणारा, तुमचा तेवढा एकच दोस्त. भिंतीला टेकून बसला. मीच म्हटलं, "मोतीरामभाऊ, एका रविवारासाठी बारा वर्षं वाट पाहायला लावली हो त्यांनी. घरी कधी केलंच नाही. का, ते पण नाही सांगितलं."

त्यानं मान वर केली. म्हणाला, "वहिनी, तुमाले खरंच माहीत नाही?"

"काय?"

"जाऊ द्या."

"सांगा भाऊ."

मग त्यानं सांगितलं. भट्टी हाती आली त्याच आठवड्यातली गोष्ट. मी चष्मा घरी विसरले होते आणि तुम्ही तो घेऊन शाळेत आला होता. मधली सुट्टी होती. शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीपाशी तुम्ही पोचलात आणि आत कुलकर्णीबाई मला विचारत होत्या, "तुमचे मिस्टर काय करतात हो?" आणि मी म्हणाले, "क्लबात असतात. स्टोअरचं बघतात."

तुम्ही चष्मा शिपायाकडे दिलात आणि निघून गेलात.

मला तो दिवस आठवला, अहो. पूर्ण आठवला. चष्मा शिपायानं आणून दिला होता. संध्याकाळी मी विचारलंही होतं, "आत काहून नाही आले?" तुम्ही म्हणाला होतात, "ड्युटीले उशीर झाला होता."

मोतीराम म्हणाला, "त्या दिवशी दौलत भट्टीपाशी येऊन मले म्हणे, मोत्या, मास्तरीणबाईच्या घरात बावर्ची बरा नाही दिसत. घरी सीखा लावल्या तर वास गल्लीभर जाईन. कोणी विचारलं तर तिले खोटं पडावं लागन. म्हणे, रिटायर झालो की मंग करीन. मंग कोण विचारते, मी काय होतो?"

मी विचारलं, "रागानं म्हणाले?"

"राग कायचा वहिनी? तो त सगळ्यायले सांगे, माही बायको शिकवते म्हणून."

मी खाटेची कडा धरून बसले होते. समोर संध्या होती. तिनंही ऐकलं.

तुम्ही गेलात तो एक धक्का. हा दुसरा, आणि खरं सांगू, हा अजून उतरत नाही. बारा वर्षं मी समजत होते, मी तुमच्यावर रुसले आहे. मी साहेबाच्या ताटावरून टोमणा मारला, तेव्हासुद्धा तुम्ही चपला घालून निघून गेलात, पण उलटून बोलला नाहीत. एक वाक्य पुरलं असतं. "तूच त सांगितलं नं, मी स्टोअरचं पाहतो म्हणून." तेवढं म्हणाला असतात तर मी तुमचे पाय धरले असते, नाहीतर आणखी भांडले असते, काहीतरी झालं असतं. तुम्ही मला लाजूही दिलं नाहीत.

मी खोटं का बोलले, तेही सांगते. त्या खोलीत मी नवी होते. माझ्या कपाला कोण हात लावतं, कोण लावत नाही, हे मी रोज बघत होते. त्यात नवरा बावर्ची, हे आणखी एक त्यांच्या हाती द्यायचं नव्हतं. हे कारण आहे. त्यानं काही भरून निघत नाही, मला कळतं. ज्या हातांनी मला त्या खोलीत नेऊन बसवलं तेच हात मी तिथं लपवले.

काल शाळेतल्या बायका भेटायला आल्या. चौघी होत्या. कुलकर्णीबाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "स्टोअरमध्ये होते ना ते?"

मी म्हटलं, "नाही. स्वयंपाकी होते. क्लबातली सीखांची भट्टी त्यांच्या हाताखाली होती. त्यांच्या लसूण-चीजच्या सॉससाठी लोक लांबून यायचे. मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

काय होईल असं मला वाटलं होतं कोण जाणे. काहीच झालं नाही. एकीनं पदर सावरला. कुलकर्णीबाई म्हणाल्या, "अगं बाई, मग तुमची तर घरी चैनच असेल."

"एकदाच खाल्लं," मी म्हटलं.

त्यांना काही उमजलं नाही. संध्या उठून आत गेली.

त्या गेल्यावर मी आत गेले. संध्या तोंड भिंतीकडे करून बसली होती. दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नव्हती. मागं न वळता म्हणाली, "आई, तुले खरंच नव्हतं आवडलं?"

तिला मी सांगितलं. आता तुम्हाला सांगते.

जेवणं झाल्यावर संध्या काकूंकडे गेली होती आणि तुम्ही हात धुवायला मोरीवर गेलात. अंगणात मी एकटी होते. वाडग्याच्या तळाशी सॉस उरला होता, गार होऊन जरा घट्ट झालेला. मी आधी एक बोट लावलं. मग सगळा पुसून खाल्ला. कडेला चिकटलेलाही सोडला नाही, लहान पोरासारखी वाडगा तिरपा करून बसले होते. मोरीवरचं पाणी थांबल्याचा आवाज आला तशी घाईघाईनं वाडगा खरकट्या भांड्यांत उपडा घातला आणि तोंड पुसलं.

तुम्ही पंच्याला हात पुसत आलात. वाडगा जागेवर नव्हता, तो तुम्ही भांड्यांत पाहिलात. म्हणालात, "फेकला का वं? राहू दे. सगळ्यायलेच नाही आवडत."

मी भांडी पुढं ओढून घासायला बसले.

फेकला नव्हता हो. खाल्ला होता.